हरले तरी मोठेच?

[दृश्य: रात्रीचं शहर, रस्त्यावर विद्यार्थ्यांचा लोंढा, खांद्यांवर लांबलचक पिवळा खांब]

५ ऑक्टोबर २०२४. टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल. पोरांनी मैदानातला गोलपोस्ट उपटलाय, खांद्यावर घेतलाय आणि गणपती निघावा तशी मिरवणूक भर शहरातून चालली आहे. थेट कंबरलँड नदीपर्यंत. तिथे विसर्जनही झालं.

कारण, फुटबॉलमध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाने अलाबामा विद्यापीठाला ४०–३५ असं हरवलं होतं. अलाबामा त्या आठवड्यात देशात पहिल्या क्रमांकावर होता. व्हँडरबिल्टने त्याला याआधी हरवलं होतं १९८४ साली.

हे दोन्ही संघ एकाच गटातले. साउथईस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजेच एसईसी. हा खरंच देशातला सगळ्यात तगडा गट, की नुसताच फुगवलेला, हा तिकडचा वाद. आता गंमत बघा. एसईसीचे चाहते म्हणाले, बघा, आमच्यातला लिंबूटिंबूसुद्धा किती तगडा! बाकीचे म्हणाले, बघा, यांचा पहिला नंबर लिंबूटिंबूकडून मार खातो! सामना एकच, आणि दोघांचाही पुरावा तोच.

[दृश्य: खचाखच भरलेलं स्टेडियम, वरून]

हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अमेरिकन फुटबॉल, तोही कॉलेजातला. पण ‘कॉलेजातला’ म्हणून हलक्यात घेऊ नका. टेक्सास ए अँड एममध्ये एमएस करायला गेलेल्या मराठी मुलामुलींना विचारा. तिथल्या स्टेडियमची क्षमताच एक लाखाच्या वर आहे.

एसईसीची स्थापना १९३२ची. मुख्यालय बर्मिंगहॅम, अलाबामा. आज १६ विद्यापीठं. आणि २००६ ते २०२२ या १७ हंगामांत राष्ट्रीय विजेतेपदं किती? १३. त्यातली २००६ ते २०१२ ही तर सलग सात.

मग फुगवलेलं काय आहे यात?

त्या तेरांची वाटणी पाहू. अलाबामा सहा. फ्लोरिडा, एलएसयू (लुईझियाना स्टेट) आणि जॉर्जिया प्रत्येकी दोन. ऑबर्न एक. संपलं. या काळात केंटकी, मिसिसिपी स्टेट, साउथ कॅरोलिना यांच्या वाट्याला शून्य. पण ‘एस-ई-सी! एस-ई-सी!’ ही आरोळी मात्र सगळे ठोकणार. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा, दुसरं काय!

एवढ्यावर थांबलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण या नावावर गुण मिळतात.

[दृश्य: धावफलक, २८–७]

डिसेंबर २०२५. एसईसीच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाने अलाबामाला २८–७ असं लोळवलं. अलाबामाची हंगामातली ही तिसरी हार. त्याच दिवशी दुसऱ्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात बीवाययू (ब्रिगहॅम यंग विद्यापीठ) टेक्सास टेककडून ३४–७ ने हरला. दुसऱ्या दिवशी निवड समितीची, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीसाठी (प्लेऑफसाठी) संघ ठरवणाऱ्या समितीची, यादी आली. बीवाययू अकरावरून बारावर, म्हणजे बाहेर. अलाबामा नवव्या क्रमांकावर होता, तो नवव्यावरच. प्लेऑफमध्ये दाखल.

याला तिकडे ‘चांगली हार’ म्हणतात. तगड्याकडून हरलात तर ती हार मोजायची नाही. आणि तो तगडा कशावरून? तर तो एसईसीतला आहे यावरून. हंगामाआधीच्या पत्रकारांच्या क्रमवारीत २०२५ साली या एकाच कॉन्फरन्सचे १० संघ पहिल्या पंचविसात होते. चेंडू हलायच्या आधीच! मग एकमेकांशी खेळताना जिंकलात तरी मोठे, हरलात तरी मोठ्याकडूनच.

शिवाय २०२५पर्यंत कॉन्फरन्समधले सामने आठच होते. बिग टेन या प्रतिस्पर्धी कॉन्फरन्समध्ये नऊ. उरलेल्या जागेत नोव्हेंबरच्या मध्यावर अलाबामाची गाठ कुणाशी, तर खालच्या श्रेणीतल्या मर्सरशी. २०२४चा निकाल, ५२–७.

आता न्यायाने दुसरी बाजूही सांगायला हवी. एनएफएल ही तिकडची व्यावसायिक लीग. तिच्या २०२५च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, संघांनी २५७ खेळाडू निवडले. त्यातले ७९ एसईसीचे. विक्रमी आकडा. व्यावसायिक संघ आरोळ्या ऐकून पैसे टाकत नाहीत. माल अस्सल आहे, यात शंका नाही. फक्त तो पूर्वीसारखा एकाच कोठारात राहत नाही.

२०२१ साली दोन गोष्टी झाल्या. खेळाडूंना स्वतःच्या नावावर उघडपणे कमाई करता येऊ लागली, आणि एक हंगाम बाहेर न बसता विद्यापीठ बदलण्याची मुभा मिळाली. पूर्वी अलाबामाच्या बाकावर दुसऱ्या फळीत वाट बघत बसणारा मुलगा आता उठतो आणि जिथे खेळायला मिळेल, पैसेही मिळतील, तिथे जातो.

२०२२नंतरचे तीन विजेते? मिशिगन, ओहायो स्टेट, इंडियाना. तिन्ही बिग टेनचे. तिन्ही अंतिम सामन्यांत एसईसीचा एकही संघ नाही.

[दृश्य: रोझ बोल, १ जानेवारी २०२६]

यातला इंडियाना पाहण्यासारखा. बास्केटबॉलसाठी ओळखलं जाणारं विद्यापीठ. २०२३च्या फुटबॉल हंगामात १२ पैकी ३ सामने जिंकलेलं. त्याच नवव्या क्रमांकाच्या अलाबामाला या संघाने रोझ बोलमध्ये, म्हणजे प्लेऑफच्या उपांत्यपूर्व सामन्यात, धुतलं. ३८–३. त्यांचे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी एकेकाळी अलाबामातच, तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक निक सेबन यांच्या हाताखाली साहाय्यक होते. म्हणजे विद्याही तिथलीच, फक्त पत्ता बदलला.

२०२६पासून एसईसीनेही कॉन्फरन्समधले सामने नऊ केले आहेत. १६ संघ, प्रत्येकाचा एक सामना जादा. म्हणजे दरवर्षी घरातल्या घरात आठ हारा जास्त. त्यातल्या किती ‘चांगल्या’ ठरवायच्या, ते निवड समिती डिसेंबरात सांगेल.