नव्वदीत कमावलेली ताकद

(दृश्य : हाताची घडी घालून खुर्चीत बसलेल्या आजी)

हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं, पुन्हा बसायचं. असं सलग पाच वेळा. याला पंधरा सेकंदांहून जास्त वेळ लागला, तर पायांतली ताकद कमी झाल्याची शंका डॉक्टर घेतात.

वयाबरोबर स्नायू झिजतात, त्याला सार्कोपेनिया म्हणतात. आकारापेक्षा ताकद जास्त वेगानं उतरते. झटकन आकुंचन पावणारे तंतू आधी बारीक होतात. त्यांना हुकूम देणाऱ्या मज्जारज्जूतल्या चेतापेशीही कमी होत जातात. ठेच लागल्यावर स्वतःला सावरायचं असतं ते नेमकं याच तंतूंच्या जोरावर!

(दृश्य : पायाला वजन अडकवून गुडघा सरळ करणारी व्यक्ती)

१९९० साली अमेरिकेतल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वृद्धाश्रमातली दहा माणसं, सरासरी वय नव्वद. त्यांना हलकेफुलके हातवारे करायला लावले नाहीत. चांगलं जड वजन पायांनी उचलायला दिलं, तेही देखरेखीखाली. आठ आठवडे नऊ जण टिकले. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली.

गंमत म्हणजे मांडीचा स्नायू वाढला होता जेमतेम नऊ टक्के. मग एवढं बळ आलं कुठून? बरंचसं मज्जासंस्थेतून. आहे त्या स्नायूतले जास्त तंतू एका वेळी कामाला लावायला ती शिकते.

‘आम्ही रोज चालतो की!’ असं हमखास ऐकू येतं. चालणं हृदयासाठी उत्तमच, ते सोडू नका. पण सवयीच्या चालण्यात स्नायूला नवं काही पेलावं लागत नाही. त्याला वजन हवं, आणि ते सोपं वाटू लागलं की थोडं वाढवायलाही हवं. रबरी पट्टा चालेल, खुर्चीतून उठबस चालेल. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि नुसत्या पूरक आहाराच्या डब्यावर विसंबू नका. १९९४ च्या पुढच्या अभ्यासात व्यायामाविना दिलेल्या पूरक आहारानं ताकद वाढली नाही.

त्या नव्वदीतल्या मंडळींचा व्यायाम नंतर थांबला. चारच आठवड्यांत ३२ टक्के ताकद ओसरली. जागतिक आरोग्य संघटना स्नायूंच्या व्यायामासाठी आठवड्याचे किमान दोन दिवस सांगते, ते पासष्टीनंतरही.