लाल दोरा आणि कोरी कोंबडी

श्रोतेहो, नमस्कार. बर्ड फ्लूवर लस निघाली आहे, तर मग ती आपल्या कोंबड्यांना सरसकट का टोचत नाहीत, असा प्रश्न कुक्कुटपालक मला नेहमी विचारतात. त्याच्या उत्तराआधी मी एका आजींच्या अठरा कोंबड्यांची हकिगत सांगणार आहे, कारण हा विषय मला खऱ्या अर्थाने त्या कोंबड्यांनीच शिकवला.

मी तेव्हा एका डोंगराळ तालुक्यात पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरीला होतो. राणीखेत, म्हणजे खेड्यात ज्याला मानमोडी म्हणतात, त्या रोगाची लस मी थर्मासमध्ये बर्फ घालून गावोगाव नेत असे. ही लस एकदा विरघळवली की दोन तासांत संपवावी लागते, आणि गावरान कोंबड्या तर दिवसा हाती लागत नाहीत. म्हणून त्या डालग्याखाली येण्याची, म्हणजे दिवेलागणीची वेळ गाठावी लागे. त्या संध्याकाळी आजींच्या दहा कोंबड्या डालग्यात होत्या आणि उरलेल्या आठ आंब्याच्या फांद्यांवर जाऊन बसल्या होत्या. (गावरान कोंबडीला अक्कल नसते असे म्हणणाऱ्याने तिला एकदा झाडावरून उतरवून दाखवावे.) दहा जणींच्या पंखाखाली लस टोचून झाली, आणि कोणती टोचली हे ओळखू यावे म्हणून आजींनी जुन्या लुगड्याचा काठ फाडून त्याचा लाल दोरा प्रत्येकीच्या पायात बांधला. मला त्यांची युक्ती फार आवडली. उरलेल्या आठ मी दुसऱ्या दिवशी टोचणार होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाऊन पाहतो, तर अठराच्या अठरा कोंबड्यांच्या पायांत लाल दोरा! आजींचा सात-आठ वर्षांचा नातू पहाटे झाडाखाली दबा धरून बसला होता. आठ कोंबड्यांना दागिना मिळाला नाही याचे त्याला वाईट वाटले, म्हणून त्याने एकेक करून सगळ्यांना दोरे बांधले होते आणि गाठीही अगदी आजींसारख्याच मारल्या होत्या. आजी त्याला म्हणाल्या, ‘‘आता यातली टोचलेली कुठली अन् कोरी कुठली, हे तुझ्या बापाला विचारू का?’’ शेवटी मी अठराही टोचल्या. मानमोडीच्या बाबतीत दोनदा टोचल्याने फारसे बिघडत नाही, म्हणून ते निभावले.

बर्ड फ्लूच्या बाबतीत मात्र ते निभावत नाही. लस घेतलेल्या कोंबडीच्या अंगातही विषाणू शिरू शकतो. ती मरत नाही, आजारीही दिसत नाही, पण थोडाफार विषाणू बाहेर टाकत राहते. कोऱ्या कोंबड्यांच्या शेडमध्ये रोग आला तर पटापट मरतूक होते आणि मालक धावत येतो. लसीमुळे ही मरतूकच थांबते, आणि तिच्याबरोबर आपल्याला मिळणारी सूचनाही थांबते. रक्त तपासावे, तर नेहमीच्या लसीने तयार होणारी प्रतिपिंडे (म्हणजे रोगाशी लढण्यासाठी शरीर तयार करते ती प्रथिने, अँटीबॉडीज) आणि खऱ्या रोगाने तयार होणारी प्रतिपिंडे सारखीच दिसतात. आजींच्या कोंबड्यांसारखेच: लसीचा दोरा लाल आणि रोगाचा दोराही लाल.

यावर इटलीत तोड निघाली. उत्तर इटलीत १९९९-२००० साली एच७एन१ या विषाणूच्या साथीत १ कोटी ३० लाखांहून अधिक पक्षी मेले किंवा मारावे लागले. या नावातले ‘एच’ आणि ‘एन’ ही विषाणूच्या पृष्ठभागावरची दोन प्रथिने होत. संरक्षण मुख्यत्वे ‘एच’विरुद्धच्या प्रतिपिंडांमुळे मिळते. म्हणून विषाणुतज्ज्ञ इलारिया कापुआ आणि पादुआजवळच्या पशुरोग संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एच’ तोच, पण ‘एन’ वेगळा असलेली, म्हणजे एच७एन३ची लस वापरण्याची पद्धत बसवली, आणि नोव्हेंबर २००० पासून ती टोचली जाऊ लागली. आता रक्तात फक्त एन३ची प्रतिपिंडे आढळली तर कोंबडी केवळ टोचलेली, आणि एन१ची आढळली तर तिच्या अंगात खरा विषाणू शिरून गेलेला. शिवाय प्रत्येक टोचलेल्या कळपात काही कोंबड्या मुद्दाम कोऱ्या ठेवत आणि त्यांचे रक्त वरचेवर तपासत. खुणेबाबत इतकी काटेकोर शिस्त मला आवडते; आपल्याकडे बाजारात प्रत्येक तपकिरी अंडे गावरान म्हणून खपवले जाते, ते पाहून माझा जीव तुटतो. असो.

फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना लस टोचायला सुरुवात केली, तेव्हा विषाणूतला फक्त ‘एच’चा भाग असलेल्या लशी निवडल्या, त्यामुळे विषाणूच्या आतल्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे सापडली की खरा संसर्ग झाला असे समजते. एवढे करूनही अमेरिकेने लगेच फ्रान्सच्या कोंबड्या-बदकांच्या आयातीवर निर्बंध घातले, कारण टोचलेल्या कळपात रोग लपून राहील ही भीती खरेदीदाराच्या मनातून सहज जात नाही. भारतात फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला पहिली साथ आली, तेव्हापासून आपले धोरण लसीचे नसून बाधित भागातील पक्षी नष्ट करण्याचे राहिले आहे. नुसती लस आणणे सोपे आहे. तिच्याबरोबर हजारो रक्तनमुने नियमित तपासणाऱ्या प्रयोगशाळा लागतात, आणि माझ्या मते त्यांची तयारी आधी व्हायला हवी.

कारण खुणेची युक्तीही कायमची नसते. ऑक्टोबर २००२ मध्ये इटलीत नवा विषाणू आला, तो नेमका एच७एन३, म्हणजे लसीची म्हणून ठरवलेली खूणच अंगावर घेऊन. आजींच्या नातवाने केले तेच या विषाणूने केले. तेव्हा लस बदलून एच७एन१ची करावी लागली आणि ती टोचायला ३१ डिसेंबर उजाडला.