दोन पायडलं, एक पट्टी

माजलगाव तालुका. दिवाळी झाली की धरणाच्या पाण्यावरचा ऊस तोडणीला येतो आणि रानातले ट्रॅक्टर ट्रॉल्या जोडून कारखान्याच्या रस्त्याला लागतात. त्याआधी या अंगणात एक काम उरकायचं आहे.

ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पायडलं असतात. डावं मागच्या डाव्या चाकाचं, उजवं उजव्याचं. पाळी घालताना, म्हणजे रान कुळवताना, बांधाशी आलं की एकच दाबायचं, ट्रॅक्टर कमी जागेत वळतो. गोम इथंच आहे. माणसाला एकाच बाजूनं वळायची सवय लागते आणि त्या बाजूचं लायनर, म्हणजे ब्रेकचा घासणारा थर, आधी झिजतं. रानात ते कळत नाही. रस्त्यावर पट्टी टाकून दोन्ही पायडलं एक केली, की कळतं.

“दादा, डावीकडं ओढायलाय ट्रॅक्टर.”

“म्हंजी उजवं ढिलं झालंय. फूटपट्टी आण.”

सपाट जागा, चाकांना दगड, इंजिन बंद, हँडब्रेक सोडलेला. पायडलं जोडणारी पट्टी काढून एकेक पायडल हातानं दाबायचं. आधी ते नुसतंच खाली जातं, मग हाताला जड लागतं. तेवढी चाल मोजायची. किती असावी ते त्या मॉडेलच्या पुस्तकात असतं, पण दोन्हीकडे सारखी हवी. इथं उजवीकडे बोटभर जास्त भरते.

थोरला पायडलापासून ब्रेककडे जाणाऱ्या रॉडचा चेकनट, म्हणजे रॉड जागी धरणारा नट, सैल करतो, रॉड किंचित आखूड करतो, मोजतो. अजून अर्धा फेरा. पुन्हा मोजतो. चाल अजिबात ठेवली नाही तर ब्रेक चिकटून राहतो, त्याचं हाऊसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, तापतं. आणि आवळायला आटेच उरले नसतील तर लायनर संपलं. ते काम मिस्त्रीचं.

आता मोकळं रान, ट्रॉलीशिवाय. सावकाश, सरळ चालवत जोडलेली पायडलं दाबायची आणि उतरून माती बघायची. डाव्या चाकाची फरफट वीतभर लांब आहे. म्हणजे उजवं अजून मागे आहे. पुन्हा पाना.

एवढा खटाटोप कशाला? बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो. उतारावर भरलेला ऊस मागून रेटतो. त्यात एकाच चाकानं धरलं तर ट्रॅक्टर आडवा होतो. आणि डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे महाभाग! गियर काढला की इंजिनाची पकडही गेली.

दुसऱ्या खेपेला दोन्ही खुणा सारख्या.

“उद्या ट्रॉली जोडू का?”

“जोड. पट्टी इसरू नको. आन् पुढच्या पाळीला जरा डावीकूनबी वळत जा.”