नेचा ओळखायचा तर पान उलटा

नमस्कार श्रोतेहो. पावसानं जोर धरला की सह्याद्रीच्या घाटांत कातळाच्या भेगांतून, दगडी बांधांतून, झाडांच्या खोडांवरून नेचे, म्हणजे फर्न, फुटायला लागतात. जिलबीसारखं वेटोळं झालेलं कोवळं पान दिसलं, की तो नेचा असणार हे बहुधा नक्की. पण कोणता? नेच्याला ना फूल, ना फळ. नवशिक्याची नजर पानाच्या नक्षीवर जाते आणि तिथंच फसगत होते, कारण एकाच रोपाच्या कोवळ्या आणि जून पानांची नक्षी वेगळी असू शकते. भरवशाची खूण असते पानाच्या पाठीवर.

पान न तोडता हलकेच उलटा. तपकिरी ठिपके किंवा रेघा दिसतील. हे बीजाणूंचे, म्हणजे ज्यांपासून नवे नेचे उगवतात त्या धुळीसारख्या कणांचे, पुंज. पुष्कळ जण त्यांना कीड समजून पुसायला जातात. पुंज बहुतेक वेळा मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखे मांडलेले असतात. खवले कीड मात्र देठावरसुद्धा, वाटेल तशी चिकटलेली असते. दहापट मोठं दाखवणारं खिशातलं भिंग जवळ असलं की शंकाच उरत नाही.

सुरुवात हंसराजापासून करा. देठ काळा, तारेसारखा चकचकीत, पर्णिका, म्हणजे पानाचे छोटे भाग, पंख्यासारख्या. पाणी शिंपडलं तर थेंब घरंगळून जातात. पर्णिकेची कडाच खाली दुमडलेली असते आणि पुंज त्या दुमडीत लपतात. पानाचा शेंडा लांबून जमिनीला टेकतो आणि तिथं मूळ धरून नवं रोप उभं राहतं.

जुन्या विहिरीच्या चुन्याच्या बांधकामात लांब, पट्टीसारख्या पर्णिकांचा नेचा आढळतो. शेंड्याची पर्णिका लांब, बुडाकडच्या आखूड होत गेलेल्या, आणि कडेनं सलग तपकिरी रेघ. हा टेरिस विटाटा. जमिनीतलं आर्सेनिक हा पानांत साठवतो, हे 2001 मध्ये जगापुढे आलं.

घाटरस्त्याच्या कापलेल्या दरडीवर रुपेरी नेचा शोधा. पानाची पाठ पांढऱ्या भुकटीनं भरलेली असते. मनगटावर दाबलीत तर पानाचा हुबेहूब छाप उठतो.

सगळ्यांत जास्त गोंधळ बाशिंगाचा. झाडाच्या कपाळाला बाशिंग बांधावं तसा हा खोडावर बसतो आणि त्याला दोन तऱ्हेची पानं असतात. बिनदेठाची, ओकच्या पानांसारखी तपकिरी पानं खोडाला चिकटून पालापाचोळा धरून ठेवतात. त्यांवर पुंज कधीच नसतात. ते लांब देठाच्या हिरव्या पानांवर शोधायचे. उन्हाळ्यात हिरवी पानं झडतात, तेव्हा नेचा मेला असं वाटतं. पण नेच्याचं स्वतःचं खोड जिवंत असतं, ओढून काढू नका.

फुलवाल्याकडच्या गुच्छातला झिरमिळ्या ‘फर्न’ मात्र शतावरीचा भाऊबंद. त्याला फुलं येतात, तो नेचा नव्हेच.

फोटो काढाल तेव्हा अख्खं रोप, पानाची पाठ आणि देठाचं बूड असे तीन काढा; शेजारी नाणं ठेवा. बीजाणू पाहायचे असतील तर अंगणातल्या नेच्याची एक पर्णिका पाठ खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवा, वर दुसरा कागद झाका, वारा लागू देऊ नका. दुसऱ्या दिवशी भुकटीची बारीक नक्षी उमटते. पुंज हिरवट असतील तर काही पडत नाही; फाटून विस्कटलेले असतील तर बीजाणू आधीच उडालेले असतात. नुकतेच तपकिरी झालेले पुंज निवडा.