पाणी उपसलं, आता ओल काढायची

मंडळी, घरात पाणी शिरलं की सगळं घर कामाला लागतं. शेजारीही धावून येतात. दोन-तीन तासांत पाणी उपसून होतं, फरशी पुसून होते आणि दमलेली माणसं म्हणतात, सुटलो एकदाचे! मला आज त्या ‘सुटलो’च्या पुढचं बोलायचं आहे. कारण मोठं नुकसान बहुतेक वेळा त्यानंतर होतं, आणि ते टाळता येतं.

माझ्याच घरातलं सांगतो. रात्री वॉशिंग मशीनचा पाइप निसटला आणि पहाटेपर्यंत पाणी वाहत राहिलं. नळाचं, स्वच्छ पाणी. ते आम्ही काढलं. दुरुस्तीला ज्यांना बोलावलं त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, ‘वरवरचं आहे, दोन दिवस पंखा लावा’ म्हणाले, आणि तिसऱ्या दिवशी पुट्टी मारून रंग देऊन गेले. भिंत नव्यासारखी दिसत होती. तीनेक महिन्यांनी कपाट पुढे ओढलं, तर त्याची प्लायवूडची पाठ खालून वीतभर काळी पडलेली. बोट लावलं की पापुद्रे सुटत होते. खालच्या खणात आईने जपलेले फोटो होते. ते एकाला एक चिकटून त्यांची वीट झाली होती. वरचा फोटो सोडवायला गेलो, तर त्यातले चेहरे दुसऱ्या फोटोच्या पाठीला चिकटून राहिले. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो.

फरशीवरचं पाणी तर आम्ही काढलं होतं. मग हे आलं कुठून? दिव्याची वात जशी तेल वर ओढते, तसा वीट-गिलावा पाणी वर ओढतो. जिप्सम बोर्डाची भिंत तर फारच भराभर ओढते. फरशीच्या सांध्यांतून खालच्या थरात उतरलेलं पाणी, स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या पायाशी बसवलेल्या पट्टीच्या, मागे साचलेलं पाणी, कपाटाच्या पायाखालचं पाणी, यातलं काहीच फडक्याला लागत नाही. आणि भिंत वाळते ती बाहेरून आत. हाताला लागते ती वरची कातडी. आतलं अंग ओलंच असतं.

आता थोडा हिशोब करू. एक चौरस मीटर फरशीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. ३ मीटर बाय ४ मीटरची खोली, तिच्यात सेंटिमीटरभर पाणी, म्हणजे १२० लिटर झालं. त्यातलं ११० लिटर तुम्ही उपसलंत असं धरू. उरलेलं दहा लिटर वाफ होऊनच बाहेर पडणार, दुसरी वाट नाही. ती वाफ जाते खोलीतल्या हवेत. खोलीची उंची ३ मीटर धरली तर हवा ३६ घनमीटर. २५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा फार तर २३ ग्रॅम वाफ धरू शकते. म्हणजे पूर्ण भरली तरी खोलीतली हवा सव्वाआठशे ग्रॅमच्या आसपास पाणी धरणार. लिटरभरसुद्धा नाही! शिवाय त्यातली बरीचशी जागा आधीच भरलेली असते. दारं-खिडक्या लावून नुसता पंखा फिरवला, तर ती दमट हवा खोलीतल्या खोलीत घुमत राहते आणि जिथे थंड भिंत भेटेल तिथे पुन्हा पाणी होऊन बसते. आमच्या कपाटामागे हेच झालं असणार.

म्हणून वाळवणं हे दोन माणसांचं काम आहे असं समजा. पंखा भिंतीतली ओल सोडवतो आणि दुसऱ्याने ती हवेतून बाहेर न्यायची असते. बाहेरची हवा कोरडी असेल तर उघडी खिडकी पुरते. बाहेर पाऊस असेल तर खिडकी उघडून आपणच दमटपणा आत बोलावतो. तेव्हा खिडक्या लावून डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र, चालवायचं. एक साधा आर्द्रतामापक आणून ठेवा. आकडा ६० टक्क्यांच्या खाली राहिला पाहिजे. हे सगळं पहिल्या दिवशी सुरू करायचं, कारण ओल्या वस्तूवर बुरशी धरायला २४ ते ४८ तास पुरतात. डोळ्यांना ती दिसते नंतर. पण बुरशी एकदा दिसायला लागली की तिच्यावर पंखा सोडू नका. तिचे बीजाणू घरभर होतील.

सुरुवातीच्या गोष्टी तुम्हाला माहीत आहेत, भरभर सांगतो. पाण्याचा उगम बंद करा. विजेचा मेन स्विच बंद करा, पण तिथे पोचायला पाण्यातून जावं लागत असेल तर स्वतः जाऊ नका, वायरमनला बोलवा. सामान हलवण्याआधी फोटो काढा. विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा आणि त्यांनी पाहण्याआधी काही फेकू नका. फेकावंच लागलं तर फोटो आणि एखादा तुकडा राखून ठेवा.

पाणी कुठलं, हे मात्र नीट बघा. नळाचं पाणी वेगळं, बाथरूमच्या मोरीचं वेगळं, गटाराचं किंवा पुराचं त्याहून वेगळं. आणि नळाचं पाणीसुद्धा दोन-तीन दिवस साचून राहिलं की नळाचं राहत नाही. गटाराच्या पाण्यात भिजलेली गादी, उशी, गालिचा वाळवून वापरू नका. जीव तुटतो, मान्य आहे, तरी टाकून द्या. पार्टिकल बोर्ड फुगलं की परत बसत नाही. सागासारखं भरीव लाकूड वाचतं, पण त्याला सावलीत, सावकाश वाळू द्यावं. उन्हात ठेवलंत तर ते वाकतं, तडकतं.

आणि फोटो, कागद! आम्ही चुकलो ते तुम्ही चुकू नका. चिकटलेले ओले फोटो तसेच वाळू देऊ नका. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हलक्या हाताने सुटे करा. तेवढा वेळ नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलं की बुरशी थांबते आणि आपल्याला सवड मिळते. १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये इटलीत फ्लॉरेन्सला पूर आला आणि तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयातली पुस्तकं चिखलात बुडाली. त्यानंतरच्या वर्षांत ओली पुस्तकं गोठवून ठेवण्याची रीत जगभरच्या ग्रंथालयांत रुळली. आपल्या घरातल्या चार फोटोंनाही ती लागू पडते.

आता माणूस कसा निवडायचा? माझ्या हातात हे ओल मोजायचं मॉइश्चर मीटर आहे. याच्या दोन सुया भिंतीत टोचल्या की आकडा येतो. हा आकडा लाकडासाठी बेतलेला असतो, त्यामुळे गिलाव्यावर तो खरी टक्केवारी सांगत नाही. जाणकार माणूस म्हणून आधी तुमच्या घरातल्या न भिजलेल्या भिंतीवर मीटर लावतो. तो आकडा हे त्याचं माप. मग भिजलेली भिंत खालपासून वरपर्यंत टोचत जातो, जागा आखतो, आकडे तारखेसकट लिहून ठेवतो. स्कर्टिंग काढून मागे बघतो. दुसऱ्या दिवशी येऊन त्याच जागा पुन्हा मोजतो. दोन्ही भिंतींचे आकडे जुळले की म्हणतो, वाळलं. मी एवढ्यावरूनच माणूस ओळखतो. बाकी त्याची यंत्रं किती मोठी, गाडी किती चकचकीत, याला अर्थ नाही.

थर्मल कॅमेऱ्याने भिंतीतलं पाणी दिसतं, असं कोणी म्हणालं तर ऐकून घ्या, पण मीटर लावायला सांगा. कॅमेरा फक्त तापमान दाखवतो. थंड डाग ओलीचा असेल, नसेलही. ‘औषध फवारलं की बुरशी संपली’ हेही धरून चालू नका. मेलेल्या बुरशीचासुद्धा दमेकऱ्यांना त्रास होतो, ती काढूनच टाकावी लागते. चौरस मीटरभरापेक्षा कमी असेल तर मास्क-हातमोजे घालून घरीही जमतं. त्याहून पसरली असेल किंवा पाणी गटाराचं असेल, तर जाणकारच हवा. त्याला विचारा, सफाई-दुरुस्तीच्या कामांची मानकं ठरवणाऱ्या आयआयसीआरसी या संस्थेचं ‘एस५००’ मानक माहीत आहे का? पाण्याच्या नुकसानीनंतर वाळवण्यासाठीचं ते मानक आहे. वाळवण्याचा खर्च आणि नंतरच्या दुरुस्तीचा खर्च वेगवेगळा लिहून मागा. घरात पाणी असताना, घाबरलेल्या अवस्थेत, न वाचता कशावरही सही करू नका. विम्याचे सगळे हक्क त्याच्या नावे करणारा कागद पुढे आला तर मुळीच नाही.

आणि रंगाची घाई करणाऱ्याला थांबवा. ओल्या भिंतीवर पुट्टी-रंग चढवला की ओलीला बाहेर पडायची वाट राहत नाही. ती क्षार घेऊन रंगामागे येते, लोणा धरतो, पोपडे सुटतात आणि तेच काम दुसऱ्यांदा करावं लागतं. आम्हाला करावं लागलं. दुसऱ्या खेपेला मी वही घेऊन बसलो आणि आकडे उतरत जाताना पाहिले. शेवटचा इंच वाळायला पहिल्या फुटापेक्षा जास्त दिवस लागले.

या सभागृहाच्या मागच्या भिंतीवर, खिडकीखाली, मला मघाशी एक डाग दिसला. पुढे या. आधी समोरची कोरडी भिंत मोजू, मग ती.