कागदाचं दार

नमस्कार, श्रोतेहो. आज बोलायचंय एका दाराबद्दल. जपानी घरातलं लाकडी जाळीचं, पांढरा कागद लावलेलं सरकतं दार, म्हणजे शोजी. चित्रांत आपण ते पाहिलेलं असतं, आणि मनात पहिली शंका येते ती हीच, की कागदाचं दार टिकतं तरी कसं?

खरं सांगायचं तर कागद टिकावा अशी तिथे कुणाची अपेक्षाच नसते. तो फाटणार, पिवळा पडणार, हे धरूनच दार बनवलेलं असतं. पूर्वी पुष्कळ घरांत वर्षअखेरीच्या साफसफाईत कागद बदलत. वरच्या चौकटीतली खाच खालच्यापेक्षा खोल असते, त्यामुळे दार उचललं की अलगद बाहेर येतं. बिजागरी नाही, स्क्रू नाही. अंगणात आडवं ठेवून ओल्या कापडाने जुनी खळ भिजवायची, की कागद सुटून येतो. नवा चिकटवताना अरुंद पट्टे खालून वर लावत जातात, म्हणजे वरच्या पट्ट्याची कड खालच्यावर येते आणि जोडावर धूळ साचत नाही. शेवटी पाण्याचा बारीक फवारा. वाळताना कागद आखडतो आणि ताठ बसतो. मधेच एखाद्या पोराने बोट घातलं, तर कागदाचं फूल कापून भोकावर चिकटवतात.

हा कागद, म्हणजे वाशी, बहुधा कोझो नावाच्या झुडपाच्या सालीचा. कोझो तुतीच्या कुळातला. हिवाळ्यात फांद्या तोडायच्या, वाफवायच्या, साल सोलायची, आतला पांढरा भाग शिजवून कुटायचा. मग पाण्यात हे धागे आणि तोरोरो-आओई या झाडाच्या मुळांचा चिकट रस. हे झाड आपल्या भेंडीच्या जवळच्या नात्यातलं. चिकटपणा कुठून आला ते वेगळं सांगायला नको! त्या रसामुळे लांब धागे पाण्यात गोळा न होता पसरून राहतात. शिमाने, गिफू आणि सायतामा प्रांतांतल्या अशा हातकागदाच्या कलेला युनेस्कोने २०१४ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

आता लाकूड. ते मात्र पिढ्यान्‌पिढ्या राहायचं असतं. हिनोकी किंवा सुगी, दोन्ही सूचिपर्णी, सरळ धाग्याची झाडं, म्हणून त्यांच्या बारीक पट्ट्या सहसा वाकत नाहीत. जपानी सुतार रंधा पुढे ढकलत नाही, आपल्याकडे ओढतो. खिळे न वापरता, खाचेत खाच बसवून नक्षीची जाळी करतात, तिला कुमिको म्हणतात. साध्या चौकोनी जाळीत दोन पट्ट्या एकमेकींना छेदतात. प्रत्येकीची अर्धी जाडी कापली की काम झालं. त्रिकोणी जाळीत मात्र एकाच बिंदूवर तीन पट्ट्या येतात. तिथे प्रत्येकीची एक तृतीयांश जाडीच उरते. खालची वरून कोरायची, वरची खालून, आणि मधली दोन्हीकडून. खाच केसभर सैल झाली तर जाळी खिळखिळी, केसभर घट्ट झाली तर पट्टीच मोडते.

त्या त्रिकोणांत मग बारीक तुकडे बसवतात आणि असानोहा उमटतो, म्हणजे भांगेच्या पानांची नक्षी. हे झाड भराभर आणि सरळ वाढतं, म्हणून हीच नक्षी तान्ह्या बाळांच्या कपड्यांवरही असते.

आता नव्या घरांत काच आणि ॲल्युमिनियम आलं, आणि शोजीची मागणी घटली. दारं-खिडक्या घडवण्याचं हे कसब २०२० मध्ये लाकडी वास्तुकलेच्या इतर कौशल्यांसोबत युनेस्कोच्या यादीत गेलं. फुकुओका प्रांतातल्या ओकावाचं कुमिको २०१३ पासून क्यूशूमध्ये धावणाऱ्या एका आलिशान पर्यटक रेल्वेच्या डब्यांत दिसतं. हॉटेलांच्या भिंतींवर चौकटीत लावलेली कुमिकोही आता पाहायला मिळते. कारागिराला काम मिळतंय, याचा आनंदच आहे. पण मला विचाराल तर भिंतीला टांगलेली जाळी अर्धीच. तिच्या मागे कागद हवा, कागदामागे ऊन हवं. सकाळी एका बाजूने, दुपारी दुसऱ्या बाजूने येणारं ते ऊन कागद विखरून टाकतो आणि खोलीभर सारखा उजेड पसरतो. जाळीचे ते सगळे कोन डोळ्यांना दिसतात ते तेव्हा. नमस्कार.