कार्बोरेटरचा गळा किती मोठा असावा? : फोर्डच्या फ्लॅटहेड व्ही-एटची गोष्ट

तळहातावर उभी राहील एवढी ही वस्तू म्हणजे स्ट्रॉमबर्गचा जुना कार्बोरेटर, अर्थात पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. त्याच्या पेट्रोलच्या वाटीवर बाहेरून अंगठा फिरवला, की उठावात ओतलेला ९७ हा आकडा हाताला लागतो. हा आकडा आतल्या गळ्याचा, म्हणजे व्हेंच्युरीचा, व्यास सांगतो : ०.९७ इंच. फोर्डच्या व्ही-एट, म्हणजे व्ही आकारात आठ सिलिंडर असलेल्या, इंजिनांवर १९३६ ते १९३८ या काळात हा कार्बोरेटर बसत असे. त्याच्या आधीच्या ४८ क्रमांकाच्या कार्बोरेटरचा गळा एक इंचाहून थोडा मोठा होता आणि नंतर आलेल्या ९४ चा गळा ९७ पेक्षाही किंचित लहान. म्हणजे खुद्द कारखान्यानेच गळा मोठ्याकडून लहानाकडे नेला. जुन्या फ्लॅटहेडवर मोठा कार्बोरेटर बसवू पाहणाऱ्याने खरेदीला निघण्यापूर्वी यावर थोडा विचार करायला हवा.

आता इंजिन पाहू. फोर्डने १९३२ साली हे व्ही-एट इंजिन आणले, तेव्हा ते २२१ घनइंचांचे होते आणि ६५ अश्वशक्ती देत होते. आपल्यासमोर आहे ते १९४९ नंतरचे, २३९ घनइंचांचे आणि १०० अश्वशक्तीचे. हेड उचलले, की खाली फक्त पिस्टन आणि त्यांच्या शेजारी ब्लॉकमध्येच बसवलेले व्हॉल्व्ह दिसतात; हेडमध्ये एकही व्हॉल्व्ह नाही, म्हणून हे सपाट डोक्याचे, म्हणजे फ्लॅटहेड, इंजिन. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण व्हॉल्व्हमधून वर येते, हेडला अडून आडवे वळते आणि मग सिलिंडरवर उतरते. कॉम्प्रेशन वाढवण्यासाठी हेड घासले, तर नेमकी ही आडवी वाटच अरुंद होते. जळालेला धूर ब्लॉकच्या पोटातून बाहेर जातो आणि प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरांना त्यासाठी एकच सामाईक वाट आहे. श्वास अडवणाऱ्या जागा अशा अनेक आहेत आणि कार्बोरेटर ही त्यांतली केवळ पहिली जागा आहे.

या इंजिनाला हवा किती लागते, याचा हिशेब अवघड नाही. चार फेऱ्यांच्या इंजिनात दोन आवर्तनांमागे एकदा सगळे सिलिंडर भरतात. मिनिटाला ३,६०० आवर्तने धरली, तर २३९ घनइंच १,८०० वेळा, म्हणजे सुमारे २४९ घनफूट हवा होते. प्रत्यक्षात या वळणावळणाच्या वाटांमुळे सिलिंडर पूर्ण भरत नाहीत. पाऊण भरतात असे मानले, तर गरज १८७ घनफुटांच्या आसपास येते. हाच हिशेब महिंद्रांनी मुंबईत जुळणी केलेल्या सुरुवातीच्या विलिस जीपच्या १३४ घनइंचांच्या इंजिनाला लावला, तर ४,००० आवर्तनांनाही आकडा सव्वाशेच्या आत राहतो, आणि तेही इंजिन याच सपाट डोक्याच्या जातीचे आहे.

एका ९७ ची क्षमता मिनिटाला सुमारे दीडशे घनफूट मानली जाते. म्हणजे आपल्या इंजिनाला तो थोडा कमी पडतो, पण फक्त अगदी वरच्या वेगात आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना. तो खरोखर किती कमी पडतो, हे अंदाजाने ठरवू नये. मॅनिफोल्डला, म्हणजे कार्बोरेटरमधून सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळ्यांना, व्हॅक्यूम गेज जोडावा, मोकळ्या चढावर टॉप गिअरमध्ये ॲक्सिलरेटर तळाला टेकवावा आणि वेग वाढत जाताना काटा पाहावा. काटा पाऱ्याच्या एक-दीड इंचाच्या आत राहिला, तर कार्बोरेटर इंजिनाला अडवत नाही आणि दुखणे दुसरीकडे शोधावे लागेल. तो तीन इंच ओलांडून पुढे जाऊ लागला, तर मात्र इंजिनाला खरोखर हवा हवी आहे. ही चाचणी न करता मोठा कार्बोरेटर आणणाऱ्यांचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्यांचे पैसे बहुतेक वेळा वायाच जातात.

कारण साधे आहे. कार्बोरेटरच्या गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथला दाब उतरतो आणि त्या उतरलेल्या दाबामुळेच जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या मोजक्या बारीक छिद्रातून, पेट्रोल वर खेचले जाते. गळा रुंद केला, की कमी वेगात हवा मंदावते, ओढ क्षीण होते आणि पेट्रोल बारीक तुषारांऐवजी थेंबांनी येते. मग गाडी सिग्नलवरून निघताना अडखळते, पिकअप मरतो आणि जेट मोठे करून हा दोष झाकू पाहिले, तर प्लग काळे पडतात.

१९४९ ते १९५३ च्या फोर्डमध्ये आणखी एक अडचण आहे आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते. या इंजिनाच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागात, वेगाबरोबर ठिणगी पुढे नेणारी वजने नाहीत. ठिणगी किती आधी पडावी, हे संपूर्णपणे कार्बोरेटरकडून येणाऱ्या व्हॅक्यूमवर ठरते आणि त्या व्हॅक्यूमचा एक भाग थेट गळ्यातून घेतलेला असतो. ही बारीक नळी वरवर पाहता किरकोळ वाटते. पण तिच्यासाठी छिद्रच नसलेला, किंवा ज्याच्या गळ्यात ओढ कमी आहे असा कार्बोरेटर बसवला, तर ठिणगी उशिरा पडते, इंजिन तापते आणि मालक मात्र जेट बदलत राहतो. अशा वेळी वजनांवर चालणारा डिस्ट्रिब्युटरही सोबत बसवावा लागतो आणि तो खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात धरावा.

कॅटलॉगमधल्या आकड्यांबाबतही सावध राहावे. दोन गळ्यांचे कार्बोरेटर तीन इंच पाऱ्याइतक्या दाबफरकाला मोजतात आणि चार गळ्यांचे दीड इंचाला. म्हणून ३५० घनफुटांचा होली कंपनीचा दोन गळ्यांचा कार्बोरेटर चार गळ्यांच्या मापाने जेमतेम २४७ घनफुटांचा ठरतो. दोन्ही आकडे एका मापावर आणल्याशिवाय तुलना करण्यात अर्थ नाही.

या इंजिनाचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, आणि एक्झॉस्ट मूळचेच असतील, तर मी ९४ च ठेवीन आणि तो पूर्ण उघडून, स्वच्छ करून, नवी गास्केट घालून बसवीन. कॅमशाफ्ट बदललेला असेल, तर एका मोठ्या गळ्यापेक्षा दोन ९७ मला अधिक पटतात. त्यात गळे लहानच राहतात आणि भरधाव वेगात मात्र तीनशे घनफूट हवा मिळू शकते. शिवाय ९४ चा पॉवर व्हॉल्व्ह, म्हणजे जोर लागताना जादा पेट्रोल सोडणारी झडप, व्हॅक्यूमवर चालतो, त्यामुळे तेज कॅमशाफ्टने आयडलिंगचा व्हॅक्यूम घसरला, की तो नको तेव्हा उघडून इंजिनात जादा पेट्रोल सोडतो. ९७ मध्ये तो व्हॉल्व्ह ॲक्सिलरेटरच्या पंपाच्या दांड्याने दाबला जातो, म्हणून हा त्रास होत नाही.

दोन ९७ बसवले, तर पेट्रोलचा दाब मात्र चौरस इंचाला अडीच पौंडांच्या आसपास ठेवावा लागतो. आजच्या बहुतेक इलेक्ट्रिक पंपांचा दाब त्याच्या दुपटीलाही जातो. तो वाटीत येणारे पेट्रोल अडवणारी सुई उचलून धरतो आणि पेट्रोल गळ्यावाटे थेट मॅनिफोल्डमध्ये ओघळते. म्हणून इथे पंप आणि कार्बोरेटर यांच्या मधोमध हा छोटा रेग्युलेटर बसवला आहे. इंजिन सुरू आहे, रेग्युलेटरच्या गेजवरचा काटा अडीचवर थांबला आहे आणि दोन्ही वाट्या बाहेरून कोरड्या आहेत.